पब्लिक हाउसातलं 'पब्लिक'

पुण्यात 'पब' म्हटलं की काय डोळ्यासमोर येतं ते वेगळं सांगायला नको. दारात दोन बाउन्सर, मनगटावर शिक्का, आत कानठळ्या बसवणारा डीजे, आणि पाटी: 'स्टॅग एन्ट्री बंद'. म्हणजे एकट्या मुलाला आत प्रवेश नाही, सोबत मुलगी पाहिजे. या एका कारणासाठी आमच्या इंजिनीअरिंगच्या वर्गातल्या मुलांनी आम्हा मुलींना किती वेळा फुकट जेवायला घातलं याचा हिशेब केला, तर एका सेमिस्टरची फी निघेल. गंमत म्हणजे पब हे 'पब्लिक हाउस'चं लघुरूप. सार्वजनिक घर. जिच्या नावातच पब्लिक आहे अशा जागेत पब्लिकपैकी नक्की कुणाला घ्यायचं, हे ठरवायला दारात दोन पहिलवान उभे.

कंपनीने गेल्या वर्षी आठ महिन्यांसाठी ब्रिस्टलला पाठवलं. इंग्लंडच्या नैर्ऋत्येचं हे जुनं बंदर. ऑफिस शहराच्या मध्यात होतं, त्यामुळे पाच-दहा मिनिटांच्या चालीत डझनभर पब. पहिल्याच शुक्रवारी टीम दुपारच्या जेवणाला मागच्या गल्लीतल्या एका जुन्या पबमध्ये गेली. बुटकं छत, काळपट लाकूड, झिजलेला गालिचा, आणि शेकोटीपाशी झोपलेला एक म्हातारा कुत्रा, ज्याला आत येणारा जो तो नावाने हाक मारत होता. संगीत नाही, टीव्ही नाही, वेटरही नाही. आपणच काउंटरवर जायचं, टेबलाचा नंबर सांगायचा, पैसे आधी द्यायचे. रांग दिसत नाही, पण कोण कुणाच्या आधी आलं हे काउंटरमागच्या बाईला बरोबर ठाऊक असतं. तिच्या डोक्यातला तो क्यू मी कधी चुकलेला पाहिला नाही. आणि स्वतःपुरतं घ्यायचं नाही, पाळीपाळीने सगळ्यांसाठी घ्यायचं. याला राउंड म्हणतात. टपरीवर आपण 'आजचा चहा माझ्याकडून' म्हणतो तेच, फक्त इथे कुणी पाळी चुकवली तर ते वर्षानुवर्षं लक्षात ठेवलं जातं.

मी चिकनचा 'पाय' मागवला. (मराठीत हे वाक्य फारच भयानक दिसतं, म्हणून यापुढे पाई म्हणू. वर खुसखुशीत पिठाचं झाकण, आत मांस आणि घट्ट रस्सा.) पाई चांगली होती. पण माझं लक्ष खिडकीशी बसलेल्या सत्तरीच्या एका बाईंकडे होतं. दुपारचा साडेबाराचा सुमार, समोर पेपर, पेन, शब्दकोडं आणि बिअरचा अर्धा ग्लास. एकट्या.

ते मला का खटकलं, म्हणजे का आवडलं, ते सांगते. मी ज्या तालुक्यात वाढले तिथे दारूचं दुकान आलं की मुलींनी रस्त्याच्या पलीकडच्या कडेने जायचं. महाराष्ट्रात गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी 'आडव्या बाटली'ला मत दिलं, तर दुकान बंद करावं लागतं. आमच्या शेजारच्या गावात असं मतदान झालं, तेव्हा आई मुद्दाम निकाल ऐकायला गेली होती. उभी बाटली, आडवी बाटली ही चिन्हं मला पक्षांच्या चिन्हांआधी पाठ झाली. त्या बायकांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. ज्या जागेतून फक्त पुरुष बाहेर पडतात आणि घरी येऊन हात उचलतात, ती जागा बंदच झालेली बरी. पण दारू मिळते त्या जागी म्हातारी बाई निवांत शब्दकोडं सोडवत बसू शकते, ही शक्यताच माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. मग प्रश्न पडला, की हे इथे पहिल्यापासून असंच होतं का?

आमच्या टीममधला टेस्टर पन्नाशीचा, जन्माने ब्रिस्टलचा. त्याने माझ्यासाठी बिटरची हाफ पिंट आणली. पिंट म्हणजे ५६८ मिलिलिटर, त्याच्या निम्मी. एक घोट घेऊन मी म्हणाले, "ही थंड नाहीये." पुढची चाळीस मिनिटं त्याने मला सोडलं नाही. शेवटी मालकाला विचारून तळघरच दाखवायला नेलं.

रिअल एल हे प्रकरण ज्यांनी नीरा पाहिली आहे त्यांना पटकन कळेल. पहाटे उतरवलेली नीरा गोड, दुपारपर्यंत तिची ताडी होते, कारण ती जिवंत असते. एलही तशीच. नेहमीची बिअर कारखान्यातच गाळून, यीस्ट मारून किंवा काढून टाकून, वरून कार्बन डायऑक्साइड भरून येते, आणि थंड केली की झालं. रिअल एल पिंपात भरतात ती जिवंत यीस्टसकट. आंबण्याचा शेवटचा टप्पा पबच्या तळघरात पार पडतो. नेहमीचं पिंप ९ गॅलनचं, त्याला फर्किन म्हणतात, म्हणजे ७२ पिंट. ते आडवं ठेवायचं आणि हलवायचं नाही. वरच्या बुचात लाकडाची छोटी खुंटी ठोकून जादा वायू हळूहळू जाऊ द्यायचा, गाळ खाली बसू द्यायचा, मग पुढे तोटी ठोकायची. तळघर ११ ते १३ अंश सेल्सियसवर हवं. म्हणजे एल कोमट नसते, तळघराइतकी गार असते, हे मला तीनदा ऐकवण्यात आलं. ती वर येते ती काउंटरवरच्या लांब दांड्याच्या हातपंपाने, वायूच्या दाबाने नाही. पिंट ओढताना काउंटरमागच्या बाईच्या दंडाला व्यायाम होतो. तोटी ठोकली की पिंपात हवा शिरते आणि घड्याळ सुरू होतं. तीनेक दिवसांत संपवायची, नाहीतर आंबून जाते.

गाळ लवकर खाली बसावा म्हणून पिंपात पारंपरिकरीत्या आयझिंग्लास घालतात, म्हणजे माशाच्या पोटातल्या हवेच्या फुग्यापासून केलेला पदार्थ. आपल्याकडे पालघरच्या किनाऱ्यावर घोळ माशाचा फुगा सोन्याच्या भावाने विकला जातो. कोळी त्याला भोत म्हणतात. त्याचा एक उपयोग हाच. शुद्ध शाकाहारी पण बिअरपुरती सवलत घेणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीला मी अजून हे कळवलेलं नाही.

एवढं ऐकल्यावर कुणालाही वाटेल, की 'रिअल एल' हा शेक्सपिअरच्या काळातला शब्द असणार. पद्धत जुनी आहे, पण शब्द १९७० च्या दशकातला. त्याच्या आधीच्या दहा-पंधरा वर्षांत सहा बड्या कंपन्यांनी देशभरातल्या लहान ब्रुअरी गिळल्या होत्या. मेलेली, वायू भरलेली, कुठेही पाठवता येईल आणि कुणालाही ओतता येईल अशी बिअर त्यांना सोयीची होती. वॉटनीज कंपनीची रेड बॅरल ही त्यातली सगळ्यांत बदनाम. १९७१ मध्ये वायव्य इंग्लंडमधले चार तरुण मित्र आयर्लंडच्या पश्चिम टोकाला सुट्टीवर गेले असताना, तिथल्या एका बारमध्ये बसून त्यांनी याविरुद्ध चळवळ काढायचं ठरवलं. तिचं पुढचं नाव 'कॅम्पेन फॉर रिअल एल', थोडक्यात कॅम्रा. अशा बहुतेक प्रतिज्ञा बिल आलं की विसरल्या जातात. ही टिकली, आणि ग्राहकांची एक मोठी संघटना झाली.

ब्रिस्टलमध्ये ही गोष्ट अगदी पाठ्यपुस्तकातल्यासारखी घडली. ब्रिस्टल ब्रिजजवळ नदीकाठी १७८८ पासून जॉर्जेस नावाची ब्रुअरी होती. १९६१ मध्ये ती करेज कंपनीने विकत घेतली, आणि १९९९ मध्ये तिथलं काम कायमचं थांबलं. आता त्या जागी फ्लॅट आणि ऑफिसं आहेत. मात्र करेजच्याच एका माजी अधिकाऱ्याने, सायमन व्हिटमोरने, १९७८ मध्ये शहराबाहेर बटकम गावात छोटी ब्रुअरी काढली. माझ्या हातातली ती 'कोमट' हाफ पिंट बटकमची होती.

'ट्रॅडिशनल' हा शब्द तर याहून मजेशीर. मेनूकार्डवर 'ट्रॅडिशनल प्लाउमन्स लंच' असतं: चीजचा जाड तुकडा, पाव, लोणच्यातला कांदा, चटणी. नांगरवाल्याचं जेवण. वाचलं की डोळ्यांसमोर बांधावर बसलेला इंग्रज शेतकरी येतो. पाव-चीज खाणारे शेतकरी होतेच, पण हे नाव घेऊन तो पदार्थ पबच्या मेनूवर आला तो १९५० आणि ६० च्या दशकांत. चीजचा खप वाढावा म्हणून चीज आणि दूध व्यवसायाच्या संस्थांनी त्याचा प्रचार केला होता. त्याआधी बहुतेक पबांत खायला म्हणजे वेफर्सची पुडी नाहीतर व्हिनेगरच्या बरणीतलं अंडं. १९६७ मध्ये गाडी चालवणाऱ्यांच्या श्वासाची चाचणी कायद्यात आली, २००७ मध्ये इंग्लंडच्या पबांत सिगारेट बंद झाली. नुसत्या पिण्यावर धंदा चालेना, तेव्हा स्वयंपाकघरं मोठी होत गेली. 'पारंपरिक' पब फूड बरंचसं आमच्या आईबाबांच्या वयाचं आहे.

ही अशी खरी-खोटी वयं काढण्यात मजा येते. पण मला ज्याचं वय काढायचं होतं ती गोष्ट म्हणजे 'पब्लिक'.

जुन्या पबला बाहेरून नीट बघितलं तर अनेकदा दोन-तीन दारं दिसतात. काचेवर कोरलेलं असतं: 'पब्लिक बार', 'सलून', 'स्नग'. पब्लिक बार म्हणजे उघडी फरशी, लाकडी बाकं, कामगार. सलूनमध्ये गालिचा आणि गाद्या, आणि तीच बिअर थोडी महाग. स्नग ही छोटी बंदिस्त खोली. ज्यांना आपण पिताना दिसायला नको होतं त्यांची, त्यात बायका बऱ्याच. व्हिक्टोरियन काळात काही ठिकाणी काउंटरवर फिरत्या काचेच्या झडपा बसवल्या होत्या. ग्लास घेण्यापुरती झडप उघडायची, म्हणजे पलीकडच्या कामगाराला साहेबाचं तोंड दिसू नये. या झडपांना नावच 'स्नॉब स्क्रीन'. एका छपराखाली एकच बिअर आणि तीन दर्जाचं पब्लिक. आपल्या परमिट रूमच्या 'एसी', 'नॉन-एसी' आणि 'फॅमिली'ची आठवण आली तर ती बरोबरच आहे.

ब्रिस्टलच्या बाबतीत गोष्ट इथेच थांबत नाही. अठराव्या शतकात हे शहर गुलामांच्या व्यापारावर श्रीमंत झालं. इथून माल भरून जहाजं आफ्रिकेला जात, तिथून माणसं भरून कॅरिबियनला, आणि तिथून साखर भरून परत. या व्यापारात पबचं काम ठरलेलं होतं. खलाशी गुलामांच्या जहाजावर खुशीने जात नसत, कारण तिथे रोगराईने आणि कप्तानांच्या मारहाणीने तेही मरत. म्हणून मार्श स्ट्रीटवरच्या पबमध्ये त्यांना पाजायचं, उधारी चढू द्यायची, आणि मग पर्याय ठेवायचा: जहाज किंवा तुरुंग. पबमालक आणि जहाजाचे अधिकारी यांचा हा संगनमताचा धंदा होता.

थॉमस लेन नावाच्या अरुंद गल्लीतला सेव्हन स्टार्स हा पब आज रिअल एलच्या भक्तांचं दैवत आहे. पण मी तिथे गेले ते भिंतीवरच्या फलकासाठी. १७८७ च्या उन्हाळ्यात थॉमस क्लार्कसन नावाचा, सत्तावीस वर्षांचा, केंब्रिजला शिकलेला मुलगा घोड्यावरून ब्रिस्टलला आला. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पुरावे गोळा करायचे होते. सेव्हन स्टार्सचा मालक थॉम्पसन गुलामांच्या जहाजांना खलाशी पुरवायला नकार देत असे. तो क्लार्कसनला मध्यरात्री मार्श स्ट्रीटच्या पबमधून हिंडवून आणायचा. क्लार्कसनने लिहून ठेवलंय, अशा एकोणीस फेऱ्या झाल्या. दिवसा तो हेच काम कागदावर करी. जहाजांचे हजेरीपट काढून किती खलाशी गेले, किती परतले, किती मेले याच्या याद्या बनवायचा. भाषणं करणारे पुष्कळ होते, याने डेटा आणला. गुलामांचा व्यापार माणुसकीला काळिमा आहेच, पण तो तुमच्याच खलाशांना मारतोय, हे त्याने आकड्यांनी दाखवलं. ब्रिटिश संसदेने तो व्यापार बंद केला १८०७ मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी. सत्तावीस-अठ्ठावीसच्या वयात मी दुसऱ्यांच्या डेटाबेसमधले डुप्लिकेट रेकॉर्ड काढते. असो.

तिथून पंधराएक मिनिटं चाललं, की बस स्टँडकडे जाताना लुइन्स मीडवर 'बे हॉर्स' नावाचा पब लागतो. त्याची गोष्ट टेस्टरने नाही सांगितली. ती मला कळली बसच्या गोष्टीतून.

१९६३ मध्ये ब्रिस्टलची बस कंपनी गोऱ्या नसलेल्या कुणालाही ड्रायव्हर किंवा कंडक्टर म्हणून घेत नसे. त्यांनी गॅरेजमध्ये काम करायला हरकत नव्हती, प्रवाशांसमोर यायचं नाही. कामगार संघटनाही कंपनीच्या बाजूने होती. कॅरिबियनमधून आलेल्या रॉय हॅकेट वगैरे मंडळींनी, आणि पॉल स्टीफन्सन या तरुण सामाजिक कार्यकर्त्याने, ३० एप्रिलपासून बसवर बहिष्काराची हाक दिली. स्टीफन्सन जन्माने इंग्लंडचाच, वडील पश्चिम आफ्रिकेतले, आई ब्रिटिश, आणि स्वतः सात वर्षं हवाई दलात काढलेली. चार महिन्यांनी, २८ ऑगस्टला, कंपनी नमली. १७ सप्टेंबरला शहराला पहिला गोरा नसलेला कंडक्टर मिळाला. त्याचं नाव रघबीर सिंग. मी रोज त्या शहरातल्या बसने फिरायचे आणि हे नाव मला तिथे जाण्यापूर्वी कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या वर्षी, १९६४ मध्ये, स्टीफन्सन बे हॉर्समध्ये गेला. आम्ही तुम्हा काळ्या लोकांना देत नाही, अशा अर्थाचं त्याला ऐकवण्यात आलं. बिअर मिळाल्याशिवाय जाणार नाही म्हणून तो बसून राहिला. पोलीस बोलावले गेले, त्याला अटक झाली. आणि आरोप काय? तर परवानाधारक जागेतून 'जा' म्हटल्यावर गेला नाही. हा आरोप कायद्याला धरून होता! मॅजिस्ट्रेटने खटला फेटाळला, पण कायदा तिथेच राहिला.

कारण इंग्रजी कायद्यात एक विचित्र फट होती. प्रवाशांना उतरू देणाऱ्या खाणावळवाल्यावर, म्हणजे 'इन'वाल्यावर, जुन्या रूढ कायद्याने बंधन होतं: जागा असेल तर आलेल्या प्रवाशाला सबळ कारणाशिवाय नाकारता येणार नाही. वेस्ट इंडीजचा क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन याला १९४३ मध्ये लंडनच्या इम्पीरियल हॉटेलने रंगावरून राहू दिलं नाही, तेव्हा याच नियमाच्या आधारावर तो जिंकला. भरपाई मिळाली पाच गिनी. पण नुसतं पिण्या-खाण्याचं ठिकाण असलेला पब 'इन' नव्हता. त्याच्या मालकाने कुणालाही, कारण न देता, 'चालते व्हा' म्हणावं आणि ते कायदेशीर असावं. पब्लिक हाउसात पब्लिकचा असा काही हक्कच नव्हता. पाटीवर 'पब्लिक', चावी मालकाकडे.

इथे मराठी माणसाला महाड आठवणार. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला, की सरकारी खर्चाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा सर्वांना खुल्या. कागदावर 'सार्वजनिक' शब्दाचा अर्थ ठरला. चवदार तळ्यावर जाऊन पाणी पिणं मात्र २० मार्च १९२७ ला झालं, आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. पाणी आणि बिअर यांची तुलना कुणी करू नये, मीही करत नाही. तहानेशी जगण्याचा प्रश्न बांधलेला असतो, पबशी नसतो. पण रीत तीच दिसते. जागा 'सार्वजनिक' आहे असं नाव देऊन ठेवायचं, आणि त्या शब्दातून काही माणसं वगळली आहेत हे एखादा तिथे जाऊन उभा राहीपर्यंत कुणी बोलायचं नाही.

लेबर पक्षाचे फेनर ब्रॉकवे १९५६ पासून वंशभेदाविरुद्ध विधेयक पुन्हापुन्हा मांडत होते आणि ते पुन्हापुन्हा पडत होतं. अखेर १९६५ मध्ये हॅरॉल्ड विल्सन यांच्या सरकारने रेस रिलेशन्स ॲक्ट आणला. तो घडवणाऱ्या घटनांमध्ये ब्रिस्टलची बस आणि बे हॉर्समधली बिअर यांची नावं घेतली जातात. हा कायदा अगदी लेचापेचा होता. नोकरी आणि घर यांना त्यात हातच लावला नव्हता, त्यासाठी १९६८ पर्यंत थांबावं लागलं. भेदभाव हा गुन्हाही ठरवला नव्हता, आधी समेट करायचा. पण कुठल्या जागांवर भेदभाव चालणार नाही त्याची यादी दिली होती. हॉटेल, रेस्टॉरंट, कॅफे यांच्या ओळीत शब्द होते: पब्लिक हाउस. ८ डिसेंबर १९६५ ला तो लागू झाला. इंग्लंडच्या पबमधलं 'पब्लिक' कायद्याने निदान रंगापुरतं खरं झालं, त्याचं वय हे.

आणि तरी फटी राहिल्या. पब नसलेल्या पण बार असलेल्या खासगी क्लबांचं काय? लंडनच्या ईस्ट हॅममध्ये अमरजीत सिंग शाह नावाच्या गृहस्थांना कॉन्झर्व्हेटिव्ह क्लबाने सदस्यत्व नाकारलं. स्वतः त्या पक्षाचे असून. १९७३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने क्लबच्या बाजूने निकाल दिला: क्लबचे सदस्य म्हणजे 'जनतेचा भाग' नव्हेत. पुन्हा तोच शब्द, पब्लिक. ही फट १९७६ च्या कायद्याने बुजवली.

बायकांची गोष्ट तर आणखी अलीकडची. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर, पत्रकार आणि वकिलांच्या अड्ड्यात, एल व्हिनो नावाचा बार होता. तिथे बायकांनी काउंटरशी उभं राहायचं नाही, मागच्या खोलीत टेबलावर बसायचं, म्हणजे आणून दिलं जाईल, असा नियम. ॲना कूट ही पत्रकार आणि टेस गिल ही वकील कोर्टात गेल्या. खालच्या कोर्टात हरल्या. वरच्या कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला तो नोव्हेंबर १९८२ मध्ये. त्या शब्दकोडंवाल्या बाई तेव्हा माझ्या वयाच्या असतील. मध्ययुगात इंग्लंडमधली एल घरोघरी मुख्यतः बायकाच बनवत, हे मला त्याच आठवड्यात समजलं. बनवायची बायकांनी, आणि काउंटरशी उभं राहायला कोर्टाची पायरी चढायची.

बे हॉर्समध्ये मी एका मंगळवारी संध्याकाळी एकटी गेले. बऱ्यापैकी गर्दी होती, विद्यार्थी, ऑफिस सुटलेले लोक. हाफ पिंट मागितली. काउंटरवरच्या मुलाने कार्डचं मशीन पुढे केलं, टिंग झालं, त्याने ग्लास सरकवला आणि पुढच्या माणसाकडे वळला. एवढंच. जेमतेम अर्धं मिनिट. मी ते अर्धं मिनिट परत परत आठवून पाहिलं, त्यात सांगण्यासारखं काहीही नव्हतं. पॉल स्टीफन्सन नोव्हेंबर २०२४ मध्ये वारले, सत्त्याऐंशी वर्षांचे होऊन. त्यांनी अटक करवून घेतली होती ती या काही न घडणाऱ्या अर्ध्या मिनिटासाठी.

परतायच्या महिनाभर आधी एका शनिवारी आगगाडीने बर्मिंगहॅमला आणि तिथून पुढे स्मेदिकला गेले. टेस्टर सोबत होता, राउंडची पाळी माझी होती हे त्याच्या लक्षात होतं. स्मेदिक हे फाउंड्रीचं गाव. साठच्या दशकात पंजाबातून आलेले कामगार इथे लोखंड ओतायचे आणि संध्याकाळी घसा ओला करायला पबमध्ये जायचे, तर काही पबांत त्यांना बंदी, काहींत फक्त पब्लिक बारमध्ये बसायची मुभा, लाउंजमध्ये नाही. इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतार सिंग जोहल आणि त्यांचे साथीदार मुद्दाम अशा पबांत जात, सोबत गोरे मित्र नेत, आणि कुणाला दिलं, कुणाला नाही याची नोंद करून परवान्याला हरकत घेत. १२ फेब्रुवारी १९६५ ला जोहल यांनी एका पाहुण्याला इथल्या 'ब्लू गेट्स' पबमध्ये नेलं. पाहुण्याचं नाव माल्कम एक्स. त्यालाही एका खोलीत नकार मिळाला, पब्लिक बारमध्ये जा म्हणाले. त्यानंतर नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्याचा खून झाला.

पुढे फाउंड्र्या बंद पडल्या. डबघाईला आलेले पब विकायला निघाले, आणि त्यातले बरेच याच कामगारांनी आणि त्यांच्या मुलांनी घेतले. त्यांना आता देसी पब म्हणतात. आम्ही गेलो तिथे लाकूड तसंच काळपट, काचेवर 'सलून' तसंच कोरलेलं, आणि स्वयंपाकघरातून तंदूरचा धूर. मिक्स्ड ग्रिल आलं ते चरचरणाऱ्या लोखंडी तव्यावर, कांद्याच्या ढिगावर: टिक्का, सीख, चॉप्स. शेजारच्या टेबलावर टोपी घातलेला एक गोरा म्हातारा फिश पकोडा खात होता आणि आज तिखट कमी आहे अशी तक्रार करत होता.

काउंटरमागे साठीचे सरदारजी. मी कुठली विचारलं. महाराष्ट्र म्हटल्यावर म्हणाले, "मग बेटा, तू लागर घेशील, सगळे तिकडचे लागरच मागतात." मी हातपंपाकडे बोट दाखवलं. ते हसले, दांडा ओढला, नळीत साचलेला पहिला अर्धा ग्लास ओतून टाकला, पुन्हा ओढला, आणि ग्लास दिव्यासमोर धरून गढूळ तर नाही ना ते पाहिलं.